एका होडीत दोन तांडेल

मैत्री टिकवायची असेल तर मित्राला आपल्या होडीत घेऊ नये, त्याला त्याची वेगळी होडी घ्यायला लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मत तुसडं वाटतं, हे मान्य. पण ते सगळ्या होड्यांबद्दल नाही. उत्तर अमेरिकेत माणसं कॅनो नावाची अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती होडी घेऊन आठ-आठ दिवस रानातल्या तळ्यांमधून वल्हवत जातात, त्या प्रवासाबद्दल ते आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं अल्गॉन्क्विन पार्क या छंदाची पंढरी. १८९३ साली राखून ठेवलेलं साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं रान आणि त्यात २,४०० हून जास्त तळी. सीमेपलीकडे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ‘बाउंड्री वॉटर्स’ आहे, तिथे आणखी अकराशे. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालत जायचं. या वाटेला पोर्टेज म्हणतात. मग पुन्हा वल्हवायचं, संध्याकाळी काठावर तंबू ठोकायचा, सकाळी तोच उखडायचा. रस्ता नाही, हॉटेल नाही, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. थोडक्यात, शहरात ज्या तीन गोष्टींच्या आड मित्रांचे स्वभाव लपून राहतात, त्या तिन्ही तिथे नाहीत. अशा जागी दोन मित्र निघाले आणि दोघांची गती वेगवेगळी असली, तर काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. लोक सांगतात, जुळवून घ्या. मी म्हणतो, दोन होड्या घ्या.

आधी एका होडीत काय घडतं ते पाहू. दोघांच्या कॅनोत पुढचा पुढे तोंड करून बसतो आणि मागचाही पुढेच तोंड करून बसतो. म्हणजे मागच्याला दिवसभर मित्राची पाठ दिसते आणि पुढच्याला मित्र दिसतच नाही. पुढच्याकडे फक्त कान उरतात. मागच्या वल्ह्याचा आवाज जरा थांबला, की हा गृहस्थ मागे बसून फोटो काढतोय, असा संशय त्याच्या मनात येतो. संशय बहुधा खरा असतो. मागच्याला मात्र सगळं दिसतं. पुढच्याचं वल्हं किती वेळा नीट पाणी ओढतं आणि किती वेळा नुसतं आंघोळ करून बाहेर येतं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात तयार असतो. त्यात होडी वळवण्याचं काम मागच्याकडे. एका बाजूला वल्हं मारलं की होडी दुसऱ्या बाजूला वळते आणि मागच्या टोकापाशी मारलेलं वल्हं तिला अधिक वळवतं. म्हणून मागचा प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचं पातं बाहेरच्या बाजूला फिरवून होडी सरळ करत राहतो. यात त्याचा थोडा जोर वाया जातो. पुढचा म्हणतो, ‘होडी वाकडी चाललीय.’ मागचा म्हणतो, ‘तू जोरात मारतोस म्हणून.’ भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर असतं, आणि दोघांचंही बरोबर असलेलं भांडण सर्वांत जास्त टिकतं. यावर कळस म्हणजे पाण्याखालचा खडक. तो आधी पुढच्याला दिसतो. पण त्याच्या हाती सुकाणू नाही, आणि ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर खडकाच्या जागी मित्राची पाठ आहे. कोकणातल्या गलबतावर एकच तांडेल असतो, तो उगाच नाही. तिकडचे लोक दोघांच्या होडीला गमतीने ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात. मित्रांसाठी असं वेगळं नाव नाही, कारण मित्रांना कोर्टात जावं लागत नाही. ते नुसते पुढच्या वर्षी फोन करत नाहीत.

यात गतीचा प्रश्न अजून आलेलाच नाही. तो आला की मामला आणखी बिघडतो. दोन वल्ही एकाच ठेक्यात पडली नाहीत तर होडी डुलते आणि वेगही जातो. म्हणून एका होडीत दोन गती राहूच शकत नाहीत, एकाने पडतं घ्यावं लागतं. जलद माणसाने घेतलं तर तो दिवसभर उपकार केल्याच्या चेहऱ्याने बसतो. सुदैवाने तो मागे असेल तर चेहरा दिसत नाही. मंद माणसाने घेतलं तर तिसऱ्या दिवशी त्याचे खांदे उतरतात आणि चौथ्या दिवशी तत्त्वज्ञान सुरू होतं: निसर्गात आपण घाई करायला आलोय का, वगैरे. प्रश्न रास्त असतो, पण तो खांदा दुखत असताना विचारला जातो, त्यामुळे त्याचं वजन कमी होतं.

यावर इतिहासाचे दाखले देणारे उभे राहतात. दोनशे वर्षांपूर्वी फर व्यापाऱ्यांच्या कॅनो याच पाण्यातून जात नव्हत्या का? छत्तीस-छत्तीस फुटांच्या होडीत आठ-दहा माणसं बसून मिनिटाला पन्नासच्या आसपास फटके मारत, एका ठेक्यात, पहाटेपासून रात्रीपर्यंत जात. त्यांना जमलं ते तुमच्या दोघांना का जमू नये? दाखला खरा आहे, पण तो नीट वाचावा. ती माणसं एकमेकांचे मित्र म्हणून बसलेली नव्हती. ती नॉर्थ वेस्ट कंपनीसारख्या व्यापारी कंपन्यांची पगारी नोकर होती. ठेका राहावा म्हणून गाणी म्हटली जात. तास-दीड तासाने चिलीम ओढायला थांबत आणि अंतरही किती चिलमींचं, असं मोजत. टोकांना बसणाऱ्यांना मधल्यांपेक्षा जास्त पगार मिळे, म्हणजे कोणाचं ऐकायचं याचा निकाल करारातच लागलेला असे. पोर्टेजवर प्रत्येकाने नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे उचलायचे, म्हणजे ऐंशी किलो. न जमणाऱ्याला ‘मी माझ्या गतीने येतो’ म्हणायची सोय नव्हती. पगार, मुकादम आणि समूहगान, या तिन्हींची व्यवस्था असेल तर दोन मित्रांनीही खुशाल एका होडीत बसावं. आजचा दाखला म्हणाल, तर अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९४७ पासून ऑसेबल नदीवर कॅनोची एक शर्यत होते. रात्री नऊला सुटायचं आणि १२० मैल वल्हवून दुसऱ्या दिवशी ह्युरॉन सरोवराच्या काठावर पोहोचायचं. तीही जोडीनेच वल्हवतात. पण तिथे जोडीदार वल्ह्याच्या ठोक्यावरून शोधायचा असतो, शाळेत एका बाकावर बसायचो म्हणून नव्हे.

इतिहासच हवा असेल तर मी व्हर्लेन क्रूगरचा देतो. हा मिशिगनचा प्लंबर. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत कॅनोत बसला नव्हता आणि नंतर उतरायला तयार नव्हता. १९७१ साली क्लिंट वाडेल या जोडीदाराबरोबर एका होडीतून तो माँट्रियलहून निघाला आणि सात हजार मैल वल्हवत बेरिंग समुद्राला जाऊन पोहोचला. माझे विरोधक इथे टाळ्या वाजवतील. त्यांनी हात तसेच ठेवावेत, कारण पुढची गोष्ट १९८० ची आहे. त्या वर्षी क्रूगर त्याहून मोठ्या प्रवासाला निघाला: अठ्ठावीस हजार मैल, साडेतीन वर्षांहून जास्त काळ. सोबत होता स्टीव्ह लँडिक, त्याचा जावई. सासरा आणि जावई, पंचेचाळीस हजार किलोमीटर, बर्फ, समुद्र, उलट्या प्रवाहाच्या नद्या. या खेपेला दोघांच्या होड्या दोन होत्या, दोन्ही एकेकट्याच्या, क्रूगरने स्वतः आखलेल्या. कारणं काहीही असोत, सासऱ्याने जावयासमोर साडेतीन वर्षं पाठ करून बसायचं नाही आणि जावयाने ती पाठ बघायची नाही, हा निर्णय मला कौटुंबिक शहाणपणाचा कळस वाटतो. प्रवास पुरा झाला. एका होडीत तो झाला असता का, हे सिद्ध करता येत नाही, पण ज्यांना जावई आहेत त्यांना सिद्धतेची गरज नाही.

आता पोर्टेजकडे येऊ, कारण गतीचा खरा फरक पाण्यात नव्हे, जमिनीवर उघडा पडतो. काही माणसं होडी आणि पाठपिशवी एकाच खेपेत नेतात. काहींना दोन खेपा लागतात. दोन खेपा म्हणजे वाट तीनदा चालायची: सामान घेऊन जा, रिकामे परत या, होडी घेऊन पुन्हा जा. अल्गॉन्क्विनमध्ये डिक्सन आणि बॉनफील्ड या दोन तळ्यांमधलं पोर्टेज पाच किलोमीटरहून लांब आहे. एका खेपेचा माणूस पाच किलोमीटर चालून बसतो, तेव्हा दोन खेपांच्या माणसाला अजून दहा बाकी असतात. त्यात मंद माणूस हा सामान जास्त आणलेला माणूस असतो. मंद आहे म्हणून त्याने जास्त आणलं की जास्त आणलं म्हणून तो मंद आहे, याचा निकाल लागत नाही. पण घडीची खुर्ची, कढई आणि दोन कादंबऱ्या त्याच्याच पिशवीतून निघतात, आणि संध्याकाळी त्या खुर्चीत जलद मित्रच बसलेला आढळतो. मुद्दा असा, की या वाटेच्या शेवटी जलद माणसाने काय करायचं? संस्कारी उत्तर आहे, थांबायचं. आपल्याकडे पंगतीत शेवटच्याचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही, हात वाळत ठेवून बसायचं, तसं. पण पंगतीत माणूस सावलीत असतो आणि जेवलेला असतो. ओंटारिओच्या रानात मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या माश्यांचा हंगाम असतो आणि त्याच्या पाठोपाठ डास येतात. चालणाऱ्याला त्या कमी छळतात, तळ्याच्या मध्यावर वाऱ्यात असलेल्याला त्याहून कमी, आणि पोर्टेजच्या टोकाला झाडीत थांबलेल्याला कडकडून. म्हणजे जूनमध्ये मित्रासाठी तासभर थांबणं याला रक्तदान म्हणावं लागेल, आणि त्यानंतर बिस्किट-चहाही मिळत नाही. एवढं दान करून बसलेला माणूस धापा टाकत आलेल्या मित्राला ‘आलास का?’ असं विचारतो, तेव्हा त्या दोन शब्दांत जे असतं ते लिहून दाखवता येत नाही. दोन होड्या असतील तर हा माणूस आपली होडी पाण्यात लोटून वाऱ्यात जाऊन बसतो, गळ टाकतो, पुढे जाऊन मुक्कामाची जागा धरतो. धरावीच लागते: तिथे आरक्षण तळ्याचं होतं, त्या तळ्यावरच्या नेमक्या जागेचं नाही. जो आधी पोहोचला त्याला चांगली जागा मिळते. यात जलद मित्राचा वेग प्रथमच दोघांच्या कामी येतो.

आता सर्वांत खोचक आक्षेप. वेगळीच होडी, वेगळीच गती, तर मग एकत्र गेलातच कशाला? एकटेच जा की! याचं उत्तर संध्याकाळी मिळतं. दिवसभर एका होडीत बसलेल्या दोघांनी तेच तळं, तोच काठ आणि तोच पाणकोंबडीसारखा पक्षी पाहिलेला असतो. शेकोटीजवळ बोलायला उरतं फक्त होडी वाकडी का जात होती, हे. दोन होड्यांमधून आलेल्यांकडे दोन दिवस असतात. एकाने दलदलीत उभं असलेलं मूस जातीचं हरीण पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं नाही, आणि साक्षीदार नसल्यामुळे त्या मूसच्या शिंगांचा घेर जेवण होईपर्यंत वाढत जातो. एका होडीत मूसला अशी वाढ नाही. मागे बसलेला लगेच म्हणतो, ‘अरे, मादी होती ती, शिंगं कुठली?’ मैत्रीला बोलण्याइतकंच न पाहिलेलंही लागतं. आणि गती म्हणजे फक्त वेग, असंही नाही. एकाला दर वळणावर मासा दिसतो, दुसऱ्याला मुक्कामाची घाई. एक पहाटे पाचला धुक्यात वल्हवायला निघणारा, दुसरा नवाच्या आधी तंबूच्या चेनला हात न लावणारा. यांतला कोणीही चुकत नसतो. एका होडीत मात्र दोघेही रोज चुकतात.

जुळवून घेणं हीच मैत्री, असं म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही. वर्षाचे तीनशे पन्नास दिवस माणूस कचेरीत, घरात आणि सोसायटीच्या सभेत जुळवूनच घेत असतो. उरलेले पंधरा दिवस त्याला सूट असावी.

पैशाचा आणि वजनाचा आक्षेप जास्त खरा आहे. केव्हलर या हलक्या धाग्याची दोघांची कॅनो साधारण अठरा-वीस किलोंची, एकट्याची पंधराच्या आसपास. म्हणजे दोन होड्या मिळून वजन वाढतं, भाडं वाढतं आणि प्रत्येकाला आपली होडी आपणच डोक्यावर घ्यावी लागते. शिवाय लांब होडी मुळात जास्त वेगाने जाऊ शकते आणि वाऱ्यात दोघांचा जोर कामी येतो. हे सगळं कबूल. स्वातंत्र्य फुकट मिळतं, असं मी म्हटलेलं नाही.

राहता राहिली सुरक्षितता, आणि इथे थट्टा आवरती घ्यावी लागते. अल्गॉन्क्विनच्या कॅनो लेकवर ८ जुलै १९१७ ला चित्रकार टॉम थॉमसन एकटा होडी घेऊन निघाला. होडी उलटलेली सापडली, आणि १६ जुलैला त्याचा मृतदेह. तो नवखा नव्हता. याच पार्कमध्ये त्याने वाटाड्याचं काम केलं होतं. मृत्यूचं कारण काय, यावर आजही वाद आहे. एकट्याने जाण्याविरुद्ध हा पुरावा पुरेसा आहे. पण दोन होड्यांविरुद्ध नाही. एका होडीत दोघं असताना ती उलटली तर दोघंही पाण्यात असतात, आणि मेमध्ये, नुकताच बर्फ वितळलेल्या पाण्यात हातपाय चालेनासे व्हायला फार वेळ लागत नाही. दुसरी होडी जवळ असेल तर तिच्यातला कोरडा माणूस बुडालेली होडी आपल्या होडीवर आडवी ओढून, पालथी करून, पाणी काढून परत सोडू शकतो. कॅनो शिकवताना ही युक्ती शिकवतात आणि तिला दोन होड्या लागतात. अट एकच: दुसरी होडी खरोखर जवळ हवी. म्हणून मोकळं, रुंद तळं ओलांडताना दोघांनी शिट्टीच्या टप्प्यात राहायचं. कॅनडात होडीत शिट्टी किंवा तसलं काही आवाजाचं साधन ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, तेव्हा ती फक्त खिशात मिरवू नये. ओलांडून झालं की मग ज्याची त्याची गती.

मी स्वतंत्र गती म्हणतो, पण तिला एका होडीपेक्षा जास्त बोलणी लागतात. एकत्र बसलेल्यांना काहीच ठरवावं लागत नाही, म्हणून ते भांडतात. वेगळं जाणाऱ्यांना सकाळी नकाशा पसरून ठरवावं लागतं: कोणत्या पोर्टेजच्या तोंडाशी थांबायचं, किती वाजेपर्यंत वाट पाहायची, कोणी आलं नाही तर कोणी मागे फिरायचं. हे ठरवलं नाही तर काय होतं, ते अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोला विचारावं. ‘वॉल्डन’मध्ये एकटेपणाचं आणि एकट्याने निघण्याचं गुणगान करणारा हा माणूस १८५७ च्या जुलैत मेन राज्याच्या जंगलात एक मित्र आणि ‘जो पोलिस’ नावाचा पेनॉब्स्कॉट जमातीचा वाटाड्या यांच्याबरोबर कॅनोने गेला. वेबस्टर ओढ्याच्या खळाळापाशी दृष्टी अधू असलेला मित्र काठाने चालत पुढे निघाला आणि दिसेनासा झाला. थोरोने हाका मारल्या, शोधलं, अंधार पडला आणि एकांताचा तो थोर पुरस्कर्ता रात्रभर मित्राच्या काळजीत राहिला. मित्र दुसऱ्या दिवशी सुखरूप सापडला. त्या दोघांनी कुठे थांबायचं हे आधी ठरवलेलं असतं तर अमेरिकी साहित्यातली काही चांगली पानं कमी झाली असती, पण थोरोला झोप लागली असती.

ठरवण्यातला सर्वांत मोठा भाग म्हणजे आधी कोणी निघायचं. नियम मला उलटा हवा: मंद माणसाने आधी निघावं. तळी सकाळी शांत असतात, वारा दिवस चढेल तसा वाढतो, आणि हळू जाणाऱ्यालाच उसळत्या पाण्यात सर्वांत जास्त वेळ काढावा लागतो. तो सहाला निघाला तर दुपारच्या आत मोठं तळं पार करतो. जलद मित्र तोवर झोप पुरी करून, कॉफी पिऊन, तंबू गुंडाळून त्याला मोठ्या तळ्याच्या अलीकडेच गाठतो आणि दोघं मिळून ते ओलांडतात. यात आणखी एक सोय आहे. मंद माणसाला वाटतं, आपण सकाळभर पुढे होतो. जलद माणसाला वाटतं, आपण त्याला गाठलं. दोघंही जिंकलेले असतात, आणि असे दोन जण एका तंबूत चांगले झोपतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं आता मिळतात. ती जरूर घ्यावीत, पण संकटासाठी. दर अर्ध्या तासाने ‘कुठे पोहोचलास?’ असं उपग्रहामार्फत विचारायचं असेल तर एकाच होडीत बसलेलं स्वस्त पडतं.

टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना अल्गॉन्क्विन गाडीने तीनएक तासांवर आहे आणि पुष्कळ जण सप्टेंबर-ऑक्टोबरात रंगीत पानं बघायला तिथे जातातही. त्यांच्यापैकी कोणी पानं सोडून पाण्यात उतरायचं ठरवलं तर एवढंच सांगणं आहे. जून टाळा, ऑगस्टच्या शेवटी जा. तोवर माश्या आणि डास बरेच ओसरलेले असतात. एका मुक्कामाच्या जागेवर नऊ जणांपर्यंत परवानगी असते, तेव्हा परवाना दोघांत एकच पुरतो. बाकी कशाचीही वाटणी करताना जपून: एकाकडे चूल आणि दुसऱ्याकडे तांदूळ, अशी काटकसर करू नका, कारण ज्या दिवशी चुकामूक होईल त्या दिवशी एक जण कच्चे तांदूळ घेऊन बसेल आणि दुसरा नुसतं पाणी उकळेल. होड्या दोन घ्या, नकाशे दोन घ्या, आणि काडेपेट्याही दोन घ्या.